कोरडा टेकराम

वर्षश्राद्धाचं जेवण फार जड असतं बघा. उडदाचे वडे, खीर, कढी, आणि वरून आसारामनं "गुलाबभाऊ, नाही म्हणायचं नाही" करत थापलेला भात. मेलेल्या माणसाच्या नावानं जिवंत माणसाला इतकं खाऊ घालायची पद्धत ज्यानं काढली, तो माझ्याच जातीचा खोडकर असणार. खाऊ घालून अर्धमेलं करायचं, मग मेलेल्याची नीट आठवण येते.

तर मी अर्धमेला होऊन टेकरामच्या अंगणात, मोहाच्या झाडाखाली ताडपत्रीवर पडलोय. उशाला स्वतःचाच हात. ऊन कडक आहे, आठवडाभर पावसाचा थेंब नाही, पण तळं मात्र काठोकाठ. इथून पाळ, म्हणजे तळ्याचा बांध, दिसते, पाळीपलीकडे पाणी चमकतं. आणि माझ्या अगदी शेजारी, दोन ओंडक्यांवर, टेकरामचा डोंगा. एकाच झाडाचं खोड कोरून केलेली होडी, त्याच्या बापाच्या हातची. आज त्याला नवा हिरवा रंग आहे, झेंडूचा हार आहे. नवरदेवच दिसतोय.

टेकराम नान्हे म्हणजे माझा सावरबांधचा दोस्त. गेल्या पावसाळ्यात, अशाच भरल्या तळ्यात, जाळं सोडवायला वादळात गेला आणि पाय चिलात अडकून बुडाला. चिल म्हणजे पाण्याखालची ती लांब केसांसारखी वनस्पती. डोंगा एकटाच काठाला आला. टेकराम दुसऱ्या दिवशी आला.

मी काही इथला नाही. मी साकोलीकडचा, रस्त्याचा माणूस. हातगाडी एक, माल तीन. उन्हाळ्यात बर्फाचा गोला, पावसाळ्यात छत्र्या, हिवाळ्यात स्वेटर. ऋतू बदलला की सावरबांधला यायचं, पाळीवर गाडी लावायची, विकायचं आणि गावाची मस्करी करायची. चहात मीठ, खिशात रबरी पाल, बायकांच्या आवाजात त्यांच्याच नवऱ्यांना हाका. सगळ्या गावाला मी एकदा तरी फसवलंय. मला फसवलं फक्त टेकरामनं, आणि तेही काही न करता.

झालं असं की पहिल्याच उन्हाळ्यात मी बघतो तर काठाजवळ पाण्याखाली पाच-सहा डोंगे बुडालेले. मी बोंबलत पोलीस पाटलाच्या घरी. "डोंगे बुडाले! माणसं बघा!" सगळं गाव जमलं. टेकराम पोट धरून खाली बसला.

"अबे येड्या, बुडाले नाई, बुडवले हायेत. दगडं भरून. लाकूड वाळलं तं फाटते. काम नसलं का डोंगा पान्याखाली ठिवा लागते. पानी पेऊन फुगते, भेगा मिटते."

पुढे वर्षभर मी गावात शिरलो की पोट्टे ओरडायचे, "डोंगे बुडाले!"

आणि आज नेमकी याच गोष्टीवरून सकाळी कुरबुर झाली. टेकरामच्या पोरीनं, दामिनीनं, बापाचा डोंगा वर्षभर पाण्यात ठेवलाच नाही. अंगणात ठेवला. रोज पुसायची, दिवा लावायची, पडल्या-पडल्या त्याच्याशी बोलायची म्हणे. आसाराम, तिचा काका, जेवण वाढता वाढता पुन्हा बोलला.

"पोरी, कितीबी झालं तरी लाकूड हाय ते. त्याले पानी लागते."

"ज्या पान्यानं बाबाले नेलं, त्या पान्यात बाबाचा डोंगा बुडवून ठिवू? तुमची जीभ तरी कशी वळते काका?"

"बरं बाई. डांबर भरलं, रंग देल्ला. तरंगते तवा खरं."

"तरंगते. बाबाचा हाय."

मग ती माझ्याकडे वळली. "गुलाबकाका, तुमी येता का डोंग्यात? आई आन् मी चाललो. बाबा जेथं गेला तेथं दिवा सोडाचा हाय."

"मी? मी बादलीतली आंघोळसुद्धा काठाकाठानं करतो."

हसली. वर्षभरात मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं. तिची आई, सगुणावहिनी, दारात बसून वाती वळत होती. वहिनीचा डावा पाय लकव्यानं गेलाय, काठी लागते. ती पोरीसोबत जाणार, भर तळ्यात, डोंग्याच्या टोकाला बसून.

"काठाकाठानं जाजा," आसाराम म्हणाला. "सलंग वाहून रायली."

सलंग म्हणजे तळ्याचं जास्तीचं पाणी जिथून बाहेर उडी मारतं ती जागा. इथपर्यंत आवाज येतोय तिचा. घरघर, घरघर.

"बाबा मधात गेला," दामिनी म्हणाली. "आमी मधातच जाऊ."

ऊन उतरलं की डोंगा उचलायचा ठरलंय. तोवर सगळे आडवे. माझेही डोळे मिटतात. नाकात ताज्या रंगाचा वास. पोटात वडे. सलंगीची घरघर. त्या घरघरीत अधूनमधून कानाशी एक बारीक आवाज.

टक.

थांबतो.

टक.

मी बर्फ फोडतोय. टोच्या मारला की टक, टक. बर्फाची लादी गोणपाटात, गोणपाट गाडीवर, गाडी पाळीवर. वैशाख आहे. डोळे मिटूनच कळतं की वैशाख आहे, पापण्यांच्या आतून लाल दिसतं. उघडतो तर तळं नाही. म्हणजे तळं आहे, पाणी नाही. चिखल वाळून त्याच्या खापऱ्या झाल्यात, पार पलीकडच्या डोंगरापर्यंत. पाळीवर गिऱ्हाईक नाही, कुत्रं नाही. आणि मधोमध, जिथं सगळ्यात खोल पाणी असतं, तिथून एक माणूस चालत येतोय.

चाल ओळखीची आहे. डावा खांदा पुढे, वल्हं मारणाऱ्याची चाल.

मी स्वतःला सांगतो, गुलाब्या, हा बुडून मेलाय. ओला येईल. केसांत चिल असेल. घाबरायचं नाही, आधी जोक मारायचा. भुताला पहिला जोक आपण मारला की भूत निम्मं होतं.

तो जवळ येतो आणि मला जोकच सुचत नाही.

तो कोरडा आहे. इतका कोरडा की त्याच्या अंगाकडे बघून माझ्या जिभेला कोरड पडते. टाचेपासून भेगा फुटल्यात. आपल्या टाचांना पडतात तशा नाहीत, या टाचेतून निघून पोटरीवर चढल्यात, गुडघ्यापर्यंत गेल्यात. तो एक पाऊल टाकतो आणि भेग जरा वर सरकते. टक.

म्हणजे आवाज बर्फाचा नाही.

"गुलाब्या," टेकराम म्हणतो. "तान लागली."

"कोणता देऊ?" माझं तोंड आपोआप चालतं, धंद्याची सवय. "काला खट्टा? गुलाब? तुझ्यासाठी स्पेशल मलई?"

"पानी."

मी रंद्यावर बर्फ घासतो. भराभरा घासतो. गोळा करायला मूठ धरतो तर मुठीत भुसा. लाकडाचा, पिवळा, कोरडा भुसा. लादीकडे बघतो, लादी बर्फाचीच आहे. पुन्हा घासतो. पुन्हा भुसा.

तो तोंड उघडून उभा. आत जीभ झाडाच्या सालीसारखी.

आणि मला आठवतं. एका हिवाळ्यात, शेकोटीपाशी, यानंच मला सांगितलं होतं. आवाज खाली करून, डोळे मोठे करून. मेलेला मानूस सपनात पानी मांगते. द्याचं नाई. हातानं देल्लं का मनगट धरते, अन् घेऊन जाते. तेव्हा मी त्याच्या अंगावर रबरी पाल फेकून हसलो होतो.

"टेक्या," मी म्हणतो, "तूच सांगितलं होतं ना, द्यायचं नाही म्हणून?"

"सांगतलं होतं."

"मग?"

"तान लागली."

तो गाडीला हात लावतो. मी गाडीच्या मागे खाली बसतो. आता शेवटचा डाव. सगुणावहिनीचा आवाज मला हुबेहूब येतो, टेकरामला मी त्यात कितीदा तरी घरी पळवलंय. गळा साफ करतो, नाकात आवाज घेतो, "अवं, घरी याना, भात थंडा होऊन रायला," एवढंच म्हणायचं आहे. तोंड उघडतो.

माझ्या गळ्यातून टेकरामचा आवाज येतो. "तान लागली."

दोन्ही हातांनी मी तोंड दाबतो. बोटांच्या फटीतूनही तोच आवाज गळतोय, तान लागली, तान लागली. मी उठून पळायला जातो आणि डोकं छत्रीला आपटतं.

छत्र्याच छत्र्या. गाडीवर काळ्या, रंगीत, फुलाफुलांच्या. पाऊस कोसळतोय, एसटी स्टँडच्या पत्र्यावर धडधड. माणसं माझ्या गाडीवरून छत्र्या उचलतात, उघडतात, निघून जातात. बरं झालं. गर्दी असली की भीती वाटून घेता येते. मीही एक उघडतो, मोठी, म्हाताऱ्या लोकांची, आणि तिच्यात शिरून भिंतीला पाठ लावतो.

खांद्याला खांदा लागतो.

बघायचं नाही, असं मी ठरवतो. बघतो.

"छत्री मोठी हाय," टेकराम म्हणतो.

"घेऊन जा तुला. फुकट."

तो हात छत्रीबाहेर काढतो. धो धो पाऊस आहे, पन्हाळीतून दोरखंडासारखी धार पडतेय, तिच्या खाली तो हात धरतो. धार वाकते. हाताला वळसा घालून खाली जाते. एक थेंबसुद्धा त्याला लागत नाही. खरं सांगतो, एवढ्या भीतीतही माझ्या मनात येतं, ही ट्रिक शिकायला पाहिजे.

"पाह्यलं?" तो म्हणतो. "मले लागतच नाई."

"असं कसं?"

"मले वरतं ठिवलं."

"कोणी?"

तो विचार करतो. भेगा आता छातीपर्यंत आल्यात, सदऱ्याच्या गुंड्यांच्या मधून दिसतात. "मायेनं ठिवलं," तो म्हणतो. "पाप नाई त्याइचं. पन वरतं ठिवलं."

मला काही कळत नाही. कळून घ्यायचंही नाही. मला फक्त त्याच्या खांद्यापासून सुटायचं आहे. तेवढ्यात कंडक्टर ओरडतो, "सलंग, सलंग, सलंग, चला, आत सरका!" लाल एसटी लागली आहे. गाडी सलंगीला कशाला जाईल? तिथं रस्ता नाही. तिथं नुसतं पाणी उडी मारतं.

खिडकीत दामिनी बसली आहे. शेजारी सगुणावहिनी, मांडीवर पेटलेला दिवा, ज्योतीला आडवा हात धरलेला. दोघी समोर बघतायत, लग्नाला निघाल्यासारख्या. मी जवळ जातो आणि मला गाडीच्या आतली जमीन दिसते. पाणी आहे. वहिनीच्या पायाच्या घोट्यापर्यंत. मी बघता बघता पोटरीपर्यंत. बाकड्याखालची एक पिशवी तरंगायला लागते.

"उतरा!" मी काच वाजवतो. "दामिनी, पाणी! पायाखाली बघ!"

ती माझ्याकडे बघते. ओळखते. आणि हसते, मघाशी जेवताना हसली तसंच, गोड. काचेमागून आवाज येत नाही पण ओठ कळतात. गुलाबकाका, पुरे आता.

"अगं खरंच! शप्पथ! ह्या वेळी खरंच!"

गाडीतले सगळे हसतात. सगळे माझे फसवलेले. चहात मीठ प्यालेला, पाल अंगावर पडलेली, बायकोच्या हाकेनं धावत गेलेला. पोटापर्यंत पाण्यात बसून हसतायत. कुणीतरी ओरडतं, "डोंगे बुडाले!" आणि हसण्याचा कल्लोळ होतो. वहिनीच्या हातातला दिवा पाण्यापासून चार बोटं वर आहे.

मी काचेवर मुठी आपटतो. काच थंड होत जाते. माझा श्वास तिच्यावर धुकं धरतो, आधी तळहाताएवढं, मग सगळ्या काचेवर, मग काचेच्या बाहेरही, आणि धुक्यात माझ्या मुठी कशालाच लागत नाहीत.

हिवाळा. घाटाच्या पायऱ्या. तळ्यावरून वाफ निघतेय, तिच्यात बदकं नुसती ऐकू येतात, दिसत नाहीत. पहाट झालेली आहे पण सूर्य अजून डोंगराआड. माझ्या गाडीवर स्वेटर. पायऱ्यांवर माणसं बसली आहेत, रांगेनं, पाण्याकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ. दिवाळीनंतर इथं नाटकं लागतात तेव्हा बसतात तशी, गपचूप, काहीतरी सुरू व्हायची वाट बघत.

तिसऱ्या पायरीवर तो जांभळा स्वेटर दामिनीचा. मीच दिलेला. मी धावत उतरतो, खांद्यावर हात ठेवतो.

स्वेटर मऊ खाली बसतो. आत कुणी नाही.

शेजारचा चाचपतो. रिकामा. त्याच्या शेजारचा. सगळे स्वेटरच, नीट बसवलेले, बाह्या मांडीवर ठेवलेले. माझ्या तोंडून रडण्यासारखं काहीतरी निघतं. हसू आहे की रडू आहे, मलाच ओळखू येत नाही.

"त्या अजून गेल्या नाई," खालून आवाज येतो. "अजून अंगनातच हायेत."

शेवटच्या पायरीवर टेकराम बसलाय. पाय पाण्याकडे सोडलेत आणि पाणी पायांपासून मागे सरलंय, घाबरल्यासारखं. भेगा आता गळ्यावरून गालावर चढल्यात. एक तर आरपार आहे. छातीतल्या त्या फटीतून मला पलीकडचं तळं दिसतं.

टक.

"उशीर नोको करू गुलाब्या."

"काय करू सांग ना! इतका वेळ नुसती तान तान. नीट सांगता येत नाही का तुला?"

"मले बुडव."

मी एक पायरी वर सरकतो.

"तू बुडालास ना एकदा?"

"तवा बुडलो तं मेलो." तो बोलतो तेव्हा ओठांच्या कडा तडकतात. "आता नाई बुडवलं तं दुसऱ्या मरतीन."

तो उठतो. पाण्यावर आडवा होतो, पाठीवर, हात अंगाला चिकटवून. आणि तरंगतो. वाळल्या ओंडक्यासारखा, पाण्याला नुसता टेकून, ओला न होता.  मी पाण्याला भितो, मेलेल्याला भितो, आणि मला पाण्यात उतरून मेलेल्याला धरायचं आहे.

"टेक्या, मला नेशील ना रे? मनगट धरशील ना?"

 त्याचे डोळे उघडे आहेत, आभाळाकडे.

मी पायरी उतरतो. पाणी घोट्याला, गुडघ्याला, कमरेला. दोन्ही हात त्याच्या छातीवर ठेवतो. साल हाताला लागते. दाबतो. जात नाही. हलका आहे तो, वर येतो, चेंडू दाबावा तसा. मी सगळं वजन टाकतो, दात-ओठ खातो, माझ्या दोस्ताला, बुडून मेलेल्या माझ्या दोस्ताला, मी स्वतःच्या हातानं पाण्यात दाबतोय आणि तोंडानं म्हणतोय, "जा ना लेका, जा ना खाली."

त्याचे हात वर येतात आणि माझी दोन्ही मनगटं धरतात.

संपलं. मी हेच म्हणतो मनात, संपलं गुलाबभाऊ. पकड अशी आहे की हाडं एकमेकांवर घासतात. सुटायचं तर हात काढायला पाहिजेत, आणि हात काढले तर तो वर येणार. एसटीतली ती ज्योत मला दिसते, पाण्यापासून चार बोटांवर. मी हात काढत नाही. दाबतो.

पहिल्यांदा पाणी त्याला शिवतं. भेगांत शिरतं. आणि आवाज येतो, गट, गट, गट, भर उन्हातून आलेला माणूस तांब्या तोंडाला लावतो तसा. पायाकडून भेगा मिटत येतात. पोटऱ्या गुळगुळीत, मांड्या, पोट. तो जड होतो. खाली जातो. माझे हात त्याच्यासोबत खाली, मनगटं, मग अर्धे, मग कोपर. माझं नाक पाण्याला टेकायला आलंय. पाण्याखाली त्याचा चेहरा, त्यावरची शेवटची भेग गालावरून हळूहळू मिटते, जखम बुजावी तशी. हा आता टेकरामच आहे, तंबाखूच्या दातांचा, हसऱ्या डोळ्यांचा.

"सोड," मी म्हणतो. "टेक्या, सोड."

तो पाण्याखालून हसतो. पहिल्या उन्हाळ्यात पोट धरून खाली बसला होता, तसा. आणि सोडतो.

"काका. गुलाबकाका. उठा ना, निघालो आमी."

ऊन. मोहाची पानं. रंगाचा वास. दामिनी माझ्यावर वाकलेली, मागे आसाराम आणि तिघं जण डोंग्याला खांदा द्यायला उभे, दोन पुढे, दोन मागे. सगुणावहिनी काठी घेऊन फाटकापाशी पोचलीसुद्धा, दुसऱ्या हातात दिव्याचं ताट. मी उठून बसतो. काहीतरी माझ्या मांडीवर टपटपतं.

माझे हात ओले आहेत. बोटांपासून कोपरापर्यंत. ताडपत्री कोरडी, शर्ट कोरडा, अंगणात धूळ उडतेय, आणि माझ्या दोन्ही कोपरांतून पाणी गळतंय. वास येतो त्याला. नळाचा नाही, विहिरीचा नाही. तळ्याच्या खोल पाण्याचा, चिलाचा.

"थांबा," मी म्हणतो. "डोंगा नेऊ नका."

आसाराम दात काढतो. "झालं. सुरू झालं याइचं."

"वहिनीला बसवू नका त्याच्यात. बुडेल तो."

"डोंगे बुडाले!" तिघांतला एक म्हणतो आणि सगळे फुटतात. दामिनीसुद्धा. "हात कोन्या टाक्यात घालून आले काका? झोपेतबी चैन नाई तुमाले."

"टेकराम आला होता."

हसणं एकदम बंद. फाटकाशी वहिनीची काठी थांबते. दामिनीचा चेहरा असा होतो की तिनं मला थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

"काका," ती हळू म्हणते, "आज नोको. बाबाच्या नावानं नोको. तुमच्या पाया पडते."

काय सांगणार? ज्या तोंडानं आजवर सगळं खोटं सांगितलं, त्याच तोंडानं काय सांगणार? एसटीच्या काचेसारखंच आहे हे, मी आपटतोय आणि त्या हसतायत. आसाराम म्हणतो, "उचला रे." चौघं वाकतात. मी धावतो आणि दोन्ही हातांनी डोंग्याची कड धरतो, आत वाकून, छातीनं अडवून.

"सोडा काका!"

"नाही सोडत."

माझ्या कोपरातून थेंब पडतो, डोंग्याच्या हिरव्यागार तळावर. पडतो, जरासा घरंगळतो आणि नाहीसा होतो. दुसरा पडतो. तोही थोडा सरकतो, त्याच जागी येतो आणि गडप. ताज्या रंगावर पाणी उभं राहायला पाहिजे, मोत्यासारखं. राहत नाही.

दामिनी माझं मनगट धरून ओढत असते. तिचे हात थांबतात. ती त्या थेंबांकडे बघतेय. पोरगी कितीही रडली, कितीही रुसली तरी डोंग्यावर वाढलेली आहे.

ती गुडघ्यावर बसते. ओंडक्यांच्या मधून डोंग्याखाली बघते. मीही वाकतो. खाली धुळीत एक काळा डाग आहे, रुपयाएवढा. बघता बघता डोंग्याच्या पोटातून एक थेंब फुगतो, लटकतो, आणि त्या डागावर पडतो.

 सलंगीची घरघर तेवढी.

दामिनी उभी राहते, तळावर नख लावते आणि ओढते. रंगाचा पापुद्रा सुटतो, लांबच लांब, या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्याच्याखाली भेग. तिचं नख आत जातं. मग बोटाचं पेर आत जातं.

"अरे देवा," आसाराम म्हणतो. "वरून तं काईच दिसत नव्हतं."

ती बोट काढते. माझ्या हातांकडे बघते, मग माझा एक हात उचलून नाकाशी नेते, वास घेते. डोळे मिटून, बराच वेळ. फाटकाशी वहिनीनं ताट खाली ठेवलंय.

"काका," दामिनी म्हणते. मला नाही, आसारामला. "दगडं आना."

"कायले व पोरी?"

"बाबाले पानी पाजाचं हाय."

आसाराम आणि ते तिघं पाळीकडे निघतात. मी डोंगा सोडत नाही. ऊन पाठीवर चटका देतंय, एव्हाना हात वाळून कडक व्हायला हवे होते. पण माझ्या कोपरातून अजून पाणी गळतंय, थेंब थेंब, आणि डोंगा ते पितोय.